कळसूबाईच्या पायऱ्या

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर म्हणून शालेय भूगोलातून प्रत्येकाला तोंडपाठ झालेले कळसूबाई हे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंच असून, ते अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर उभे आहे. हे शिखर सह्याद्रीच्या मुख्य धारेवर, म्हणजे ज्या कड्यावरून सरळ कोकणात उतरता येते त्या कड्यावर आहे असा अनेकांचा समज असतो. परंतु प्रत्यक्षात ते त्या धारेपासून पूर्वेकडे निघालेल्या एका फाट्यावर आहे. कुलंग, मदन आणि अलंग या तीन बेलाग किल्ल्यांपासून सुरू होणारा हा फाटा कळसूबाईपाशी सर्वाधिक उंची गाठतो आणि पुढे बितनगड, पट्टा, औंढा अशी शिखरे घेत सिन्नर-संगमनेरच्या पठाराकडे उतरत जातो. त्याच्या दक्षिणेला प्रवरेचे खोरे आहे आणि उत्तरेला दारणेचे. या दोन नद्यांमधला बांध म्हणजे कळसूबाईची रांग, अशी तिची सोपी व्याख्या करता येईल.

पायथ्याच्या ज्या गावातून बहुतेक लोक शिखराकडे निघतात त्या गावाचे नावच बारी आहे. बारी म्हणजे डोंगररांगेतील खिंड, दोन खोऱ्यांना जोडणारी वाट. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणारा रस्ता याच खिंडीतून रांग ओलांडतो, म्हणजे दारणेच्या खोऱ्यातून प्रवरेच्या खोऱ्यात उतरतो. गावापासून माथ्यापर्यंतची चढाई आठशे मीटरांहून अधिक आहे, आणि ती चढताना कोणाच्याही लक्षात येते की हा डोंगर सलग उताराचा नाही. थोडा उभा चढ, मग सपाट पट्टा, पुन्हा कातळाची भिंत, पुन्हा पट्टा, अशा टप्प्याटप्प्यांनी तो वर जातो. या पायऱ्या कशा झाल्या हे समजले, की तेथील झरे, शेते, वाड्या, जंगल आणि देवीचे ठाणे यांची जागा कशी ठरली हेही समजते. म्हणून या डोंगराचा परिचय करून घेताना उंचीच्या आकड्यापेक्षा या पायऱ्यांकडे आधी पाहिले पाहिजे.

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, डायनासोरांच्या अखेरच्या काळात, आजच्या महाराष्ट्राच्या आणि आसपासच्या प्रदेशाच्या भूकवचाला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हारस बाहेर आला. शंकूच्या आकाराच्या एखाद्या ज्वालामुखीचा हा उद्रेक नव्हता. उकळते दूध पातेल्याच्या कडांवरून ओट्यावर पसरावे तसा हा रस भेगांमधून उतू जाऊन दूरवर पसरला, थिजला, आणि त्यावर पुन्हा नवा थर आला. अशा शेकडो थरांनी बनलेल्या प्रदेशाला भूशास्त्रात ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द ज्या स्वीडिश शब्दावरून आला त्याचा अर्थ जिना असा आहे, आणि सह्याद्रीकडे पाहणाऱ्याला तो शब्द पटवून द्यावा लागत नाही. आज या खडकाने व्यापलेले क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. मुळात ते याहून बरेच मोठे असावे असे अभ्यासक मानतात.

लाव्ह्याचा प्रत्येक थर आतून एकसारखा नसतो. थराच्या मधला भाग सावकाश निवतो, त्यामुळे तेथे घट्ट, काळा, एकजीव बेसॉल्ट तयार होतो. वरच्या भागात मात्र रसातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकून राहतात आणि थिजल्यावर तेथे जाळीदार, सच्छिद्र खडक उरतो. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात या वरच्या भागाची झीज होऊन त्याची माती बनते, आणि पुढच्या थराचा रस तिच्यावर आला की ती भाजली जाऊन विटेसारखी लाल होते. घाटरस्त्यांच्या कापलेल्या कडेला काळ्या खडकांच्या मधोमध दिसणारा लाल पट्टा तो हाच. भूशास्त्रज्ञ त्याला ‘लाल बोल’ म्हणतात. ऊन, पाऊस आणि वारा यांच्या माऱ्यात घट्ट भाग टिकतो आणि त्याचा उभा कडा होतो, तर सच्छिद्र भाग आणि लाल माती लवकर झिजून मागे सरते आणि तेथे सपाट पट्टा तयार होतो. या पट्ट्याला डोंगरातले लोक पदर म्हणतात आणि किल्ल्याच्या संदर्भात त्यालाच माची म्हणतात. कळसूबाईच्या वाटेवर जेथे जेथे लोखंडी शिडी लावावी लागली आहे, तेथे तेथे चढणारा माणूस एखाद्या थराच्या घट्ट गाभ्यासमोर उभा असतो.

या वाटेवरचा एखादा जाळीदार दगड हातात घेऊन न्याहाळावा असा असतो. त्याच्या पोकळ्या रिकाम्या नसतात; कित्येकांत पांढरे, कधी किंचित गुलाबी वा हिरवट झाक असलेले चकचकीत स्फटिक भरलेले असतात. थर थिजल्यानंतर खडकात मुरलेल्या गरम पाण्यातून ही खनिजे हळूहळू त्या पोकळ्यांत साचली. त्यांतील बरीचशी ‘झिओलाइट’ या गटातील असून, नाशिक-इगतपुरी परिसरातील असे स्फटिक जगभरातील संग्रहालयांत मांडलेले आहेत. गुरे राखणारी मुले त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. शास्त्रीयदृष्ट्या गारगोटी वेगळी, पण वायूचा बुडबुडा ज्या क्षणी अडकला तो क्षण कोट्यवधी वर्षे जपून ठेवणारी ही डबी त्या मुलांनी शास्त्रज्ञांच्या आधी पाहिली, हेही खरे आहे.

पश्चिम घाटातील लाव्ह्याच्या थरांचा अभ्यास करताना भूशास्त्रज्ञांनी त्यांचे तीन मोठे गट पाडले आणि त्यांतील सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला ‘कळसूबाई उपगट’ असे नाव दिले. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर या पाच थरसमूहांचा त्यात समावेश होतो. या गटातील काही थरांत प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे पांढरट, पट्टीसारखे स्फटिक विखुरलेले दिसतात. एवढे मोठे स्फटिक वाढायला वेळ लागतो, म्हणजे तो रस वर येण्यापूर्वी भूगर्भातील कोठारात बराच काळ साठून राहिला असला पाहिजे. म्हणून असे थर म्हणजे दोन मोठ्या उद्रेकपर्वांमधल्या विश्रांतीची खूण मानले जातात, आणि एका डोंगरातला थर दुसऱ्या डोंगरातल्या थराशी जुळवताना त्यांचा फार उपयोग होतो.

येथे एक विसंगती चटकन नजरेत भरते. जे थर सर्वांत जुने आणि म्हणून सर्वांत तळाचे, त्या गटाला राज्यातील सर्वांत उंच शिखराचे नाव कसे मिळाले? याचे उत्तर थरांच्या कलात आहे. सह्याद्रीतील लाव्ह्याचे थर डोळ्यांना आडवे दिसत असले तरी ते दक्षिणेकडे अगदी अल्प, एका अंशाहूनही कमी, कललेले आहेत. त्यामुळे इगतपुरी-कळसूबाई भागात जे थर डोंगरांत उंचावर दिसतात, तेच दक्षिणेकडे जाताना हळूहळू खाली खाली जात अखेरीस जमिनीखाली जातात, आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर त्यांच्यापेक्षा कितीतरी नंतरचे थर आढळतात. महाबळेश्वरची उंची १४३८ मीटर आहे. म्हणजे दोनशे मीटरांनी ठेंगणे असलेले महाबळेश्वर वयाने धाकटे आहे आणि उंच कळसूबाई थोरली आहे.

हिमालयासारखा पर्वत भूकवचाच्या दोन तुकड्यांच्या दाबाने वर उचलला गेला. कळसूबाईचे तसे नाही. येथे मुळात एक विस्तीर्ण पठार होते. पावसाने आणि नद्यांनी ते कापले, उत्तरेकडून दारणेने आणि दक्षिणेकडून प्रवरेने आपापली खोरी रुंद केली, आणि या दोघींच्या मधोमध जेवढे कापायचे राहिले तेवढा डोंगर झाला. हा डोंगर उभारला गेलेला नाही, तो उरलेला आहे. कळसूबाईला ‘महाराष्ट्राचे एव्हरेस्ट’ म्हणण्याची पद्धत हल्ली रूढ झाली आहे. ती कौतुकापोटी असली तरी तिने या डोंगराचे खरे वैशिष्ट्य झाकले जाते, कारण दोन्ही पर्वतांची घडण अगदी उलट दिशेने झाली आहे.

माथ्यावर पडणारे पाणी कोठे जाते हाही असाच विचार करायला लावणारा विषय आहे. उत्तरेच्या उतारावरचे पाणी दारणेमार्गे गोदावरीला मिळते. दक्षिणेच्या उतारावरचे पाणी कृष्णवंती या छोट्या नदीतून प्रवरेत जाते आणि प्रवरा पुढे नेवासे तालुक्यात टोके येथे गोदावरीला मिळते. अरबी समुद्र येथून शंभर किलोमीटरांच्या आत असताना या शिखरावरचा प्रत्येक थेंब पूर्वेकडे वळतो आणि आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात पोहोचतो. ज्या प्रवरेच्या काठी नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिचा उगम या शिखरासमोरच्या रतनगडावर आहे आणि तिला पाणी पुरवणाऱ्या डोंगरांत कळसूबाईही आहे, हे वारकऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणावरून येऊन सह्याद्रीच्या भिंतीला थडकतात आणि वर चढतात. वर चढलेली हवा निवते, तिच्यातील बाष्प धरून ठेवण्याची क्षमता कमी होते आणि ते बाष्प पावसाच्या रूपाने खाली येते. कड्याच्या अगदी ओठावर असलेल्या घाटघर या गावी वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यामुळे त्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हटले जाते. भिंत ओलांडून पूर्वेकडे उतरणारी हवा मात्र पुन्हा तापते आणि कोरडी होते; या कोरड्या पट्ट्यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. घाटघरपासून अकोले हे तालुक्याचे ठिकाण एका दुपारच्या प्रवासाएवढ्या अंतरावर आहे, परंतु तेथे पोहोचेपर्यंत पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरांपर्यंत उतरलेला असतो. एकाच तालुक्याच्या एका टोकाला माणसे आषाढात चार-चार दिवस सूर्य पाहत नाहीत आणि दुसऱ्या टोकाला शेतकरी ढगांकडे डोळे लावून बसलेले असतात. पिके, घरांच्या छपरांचा उतार, गुरांची जात, इतकेच नव्हे तर सणांची लगबगसुद्धा या अंतरात बदलते.

पदरांवरची शेती या पावसावरच चालते. सपाट जागी बांध घालून पाणी धरणारी खाचरे केलेली असतात आणि त्यांत भात लावतात. जेथे उतार अधिक आणि माती उथळ, तेथे नागली, वरई आणि खुरासणी ही पिके येतात. भाताची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. ज्या तुकड्यात रोपे करायची, त्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या आणि वर माती असे थर पसरून ते पेटवतात. याला राब भाजणे म्हणतात. आगीने तणांचे बी मरते, राख खत म्हणून उपयोगी पडते आणि भाजलेल्या, भुसभुशीत मातीत पहिल्या पावसाबरोबर टाकलेले बी जोमाने उगवते. रोपे वीतभर वाढली की ती उपटून चिखल केलेल्या खाचरात लावतात, त्या कामाला आवणी म्हणतात. आवणीचे दिवस म्हणजे डोक्यावर इरले किंवा आता प्लॅस्टिकचा कागद घेऊन दिवसभर वाकून केलेले काम. बाया ओळीने मागे मागे सरकत रोपे खोवत जातात आणि खाचराचा दुसरा बांध पाठीला लागला की ताठ उभ्या राहतात. नागलीचीही रोपे करून लावण करतात, हे सखल प्रदेशातल्या शेतकऱ्यालाही नवीन वाटते. चार महिन्यांत वर्षाचे धान्य पिकवायचे आणि ज्या उतारावर पाऊस मातीसकट सर्व काही वाहून नेऊ पाहतो तेथे ती माती बांधांनी धरून ठेवायची, हे शतकानुशतके साध्य करणाऱ्यांच्या ज्ञानाला शेतीशास्त्र म्हणायला हरकत नसावी.

या ज्ञानाचा सन्मान अलीकडे झाला तो याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्या रूपाने. भात, वाल, घेवडा, भाज्या यांची गावरान वाणे घरात साठवून, वाटून आणि पुन्हा पेरून त्यांनी जी बियाणे बँक उभी केली, तिच्यामुळे त्यांना ‘बीजमाता’ म्हटले जाते आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, गावरान बियाणे घरचेच पुन्हा पेरता येते, हा त्यांच्या कामातील मूळ मुद्दा आहे आणि डोंगरातील अल्पभूधारकासाठी तो जगण्यामरण्याचा आहे.

या मुलखातील बहुसंख्य लोक महादेव कोळी समाजाचे आहेत. त्यांच्याबरोबर ठाकर आणि इतर समाजही आहेत. किनाऱ्यावरच्या मासेमार कोळ्यांशी नावाचे साम्य असले तरी महादेव कोळी हे डोंगरातील शेतकरी असून पूर्वी घाटवाटा आणि किल्ले यांच्या राखणीची कामे त्यांच्याकडे होती. पेशवाई संपल्यानंतर इंग्रज राजवटीने त्यांचे जुने हक्क कमी केले आणि सावकारांच्या कर्जात जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा याच तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी बंड उभारले. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत त्यांनी कंपनी सरकारला कित्येक वर्षे दाद दिली नाही. अखेर ते पकडले गेले आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. १८५७ च्या आधीचा हा लढा महाराष्ट्राच्या इतिहासात अजून हव्या तेवढ्या जागेचा धनी झालेला नाही.

शिखराच्या नावाची कथाही याच समाजातली आहे. नावातील ‘कळस’ या अक्षरांमुळे, राज्याच्या माथ्यावरचा कळस म्हणून कळसूबाई, असा अर्थ शहरी माणसाला सहज सुचतो. परंतु पायथ्याच्या गावांत सांगतात ती गोष्ट कळसू नावाच्या एका कोळ्याच्या मुलीची आहे, आणि १८८४ च्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरातही ती नोंदलेली आहे. रानात भटकण्याची आवड असलेली ही मुलगी डोंगराच्या पायथ्याशी इंदोरे गावी आली आणि एका घरी कामाला राहिली. तिची अट एकच होती: भांडी घासायला आणि केर काढायला तिला सांगायचे नाही. काही दिवस सुरळीत गेले. मग एके दिवशी घरातल्या कोणीतरी नेमके तेच काम सांगितले. तिने ते निमूटपणे केले, आणि करून झाल्यावर ती डोंगर चढून गेली ती पुन्हा खाली आली नाही. जेथे तिने भांडी घासली त्या जागेला थाळे मेळ आणि जेथे केर टाकला त्या जागेला काळदरा म्हणतात. दिलेला शब्द मोडला गेला म्हणून न भांडता निघून जाणारी आणि सर्वांच्या वर जाऊन राहणारी ही मोलकरीण पुढे गावांची देवी झाली. या कथेत कोणत्याही राक्षसाचा वध नाही, राजाचा दृष्टान्त नाही. घरकाम करणाऱ्या मुलीचा स्वाभिमान एवढाच तिचा ऐवज आहे, आणि डोंगरांच्या देवदेवतांच्या असंख्य कथांमध्ये ती म्हणूनच वेगळी उठून दिसते.

माथ्यावर चार-सहा माणसे जेमतेम मावतील असे छोटेसे देऊळ आहे. नवरात्रात आसपासच्या गावांतील लोक, त्यांत म्हाताऱ्या बायासुद्धा, ओटीचे सामान घेऊन चढतात. देवळाभोवतीच्या लहानशा सपाटीवर उभे राहिले की पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे त्रिकूट, दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय आणि त्यामागे रतनगड, आजोबा व हरिश्चंद्रगड, पूर्वेला पट्टा आणि औंढा, उत्तरेला त्र्यंबक-अंजनेरीची रांग, असा पट दिसतो. रतनगडाच्या माथ्याजवळ कातळाला आरपार पडलेले भोक, ज्याला नेढे म्हणतात, तेही स्वच्छ हवेत ओळखू येते. पूर्वेकडचा पट्टा किल्ला इतिहासात विश्रामगड म्हणून ओळखला जातो, कारण १६७९ साली जालन्याच्या मोहिमेहून परतताना शिवाजी महाराजांनी तेथे मुक्काम केला होता. कळसूबाई स्वतः मात्र किल्ला नाही. एवढ्या मोक्याच्या उंचीवर तटबंदी नाही, याचे एक कारण माथ्याचा अगदी लहान विस्तार आणि वर पाण्याची अडचण हे असावे.

पाण्याची ही अडचण समजण्यासाठी पुन्हा थरांकडे यावे लागते. पावसाचे पाणी सच्छिद्र खडकातून आणि भेगांतून खाली मुरते, परंतु लाल मातीचा किंवा घट्ट बेसॉल्टचा थर लागला की त्याला पुढे जाता येत नाही, म्हणून ते आडवे सरकते आणि कड्याच्या पायाशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. डोंगरातील बहुतेक वाड्या पदरावर का आहेत याचे एक महत्त्वाचे उत्तर या झऱ्यांत आहे. किल्ले बांधणाऱ्यांनीही कातळात टाकी खोदताना थरांची हीच रचना वापरली. तथापि बेसॉल्टची पाणी साठवण्याची शक्ती मुळातच थोडी आहे. पावसाळ्यात ज्या उतारावरून पांढरे ओहोळ धावतात, त्याच उताराच्या वाड्यांतील बायांना चैत्र-वैशाखात ओढ्याच्या पात्रात खणलेल्या झिऱ्याजवळ, वाटीवाटीने हंडा भरत, बसून राहावे लागते.

ते पाणी गेले कोठे, हे पाहायचे तर भंडारदऱ्याला जावे लागते. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झालेले हे दगडी धरण ८२ मीटरांहून अधिक उंच आहे. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात, तर जलाशय आर्थर सरोवर म्हणून ओळखला जातो. त्याची साठवणक्षमता अकरा टीएमसी, म्हणजे अकराशे कोटी घनफूट आहे. दुष्काळी पठारासाठी बांधलेल्या या धरणाच्या पाण्यावर प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस उभा राहिला, आणि त्या उसावर विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे देशातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाला आणि राजकारणाला वळण देणाऱ्या सहकारी साखर चळवळीची मुळे अशी या डोंगरांच्या पावसापर्यंत पोहोचतात. पुढे घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प झाला. विजेची मागणी कमी असताना कोकणातील खालच्या जलाशयातून पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी सुमारे चारशे मीटर खाली सोडून वीज निर्माण करायची, असे त्याचे तंत्र आहे. म्हणजे सह्याद्रीच्या कड्याचा उपयोग तेथे अक्षरशः यंत्राच्या भागासारखा केला आहे. धरणाने आणि प्रकल्पाने दूरच्या माणसांचे भले केले यात शंका नाही. ज्या उतारांवर तो पाऊस पडतो त्या उतारांवरच्या वाड्यांचे देणे मात्र अजून फिटलेले नाही.

१९८६ साली या भागाला कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. कड्यालगतच्या दाट रानात हिरडा, बेहडा, जांभूळ, अंजनी असे वृक्ष आहेत आणि राज्यप्राणी शेकरू त्यांच्या शेंड्यांवरून उड्या मारत फिरते. हिरड्याची कोवळी फळे, ज्यांना बाळहिरडा म्हणतात, वेचून वाळवून विकणे हा कित्येक कुटुंबांचा रोख पैशाचा आधार आहे. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि त्या वर्षी उतार जांभळे होतात. सोनकी आणि तेरडा मात्र दर भाद्रपदात पदर पिवळे-गुलाबी करून टाकतात.

मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी, वळवाच्या सरींनंतर, भंडारदरा परिसरातील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या झाडांवर काजवे लाखोंच्या संख्येने जमतात. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. एका विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि जवळजवळ उष्णताविरहित प्रकाश निर्माण होतो. नर उडत उडत विशिष्ट तालात लुकलुकतो आणि मादी पानावरून त्याला उत्तर देते. एखादे झाड निरखून पाहिले तर आधी इकडेतिकडे ठिणग्या दिसतात, मग हळूहळू शेजारच्या फांद्या त्याच तालात येतात, आणि थोड्या वेळाने अख्खे झाड एकदम उजळते व एकदम विझते. हा सारा सोहळा जोडीदार शोधण्यासाठी असतो, कारण प्रौढ काजव्याला त्यासाठी मोजकेच दिवस मिळतात. त्याचे आधीचे दीर्घ आयुष्य अळीच्या रूपात, ओलसर मातीत गोगलगाई खाऊन गेलेले असते. जेव्हा मोटारींचे दिवे झाडांवर पडतात, तेव्हा नराची खूण मादीला दिसत नाही. आणि झाडाखालची माती पायांनी तुडवली जाते, तेव्हा पुढच्या वर्षीच्या काजव्यांची जागाच तुडवली जाते.

शनिवार-रविवारी पावसाळ्यात कळसूबाईच्या शिड्यांवर माणसांची रांग लागते आणि खाली उतरणाऱ्याला चढणाऱ्यासाठी ताटकळावे लागते. या गर्दीने बारी गावातील कित्येक घरांना चार पैसे मिळतात, ही चांगली गोष्ट आहे, आणि म्हणून डोंगरावर येऊ नका असे कोणी म्हणणार नाही. येणाऱ्यांनी मधल्या वारी यावे, पावसाचा जोर ओसरल्यावर भाद्रपद-आश्विनात यावे, जेवण पायथ्याच्या घरी सांगावे, नागलीची भाकरी मागावी, बाटली आणि पिशवी परत खाली आणावी, आणि काजव्यांच्या रानात शिरण्यापूर्वी गाडीचे दिवे मालवून उरलेली वाट पायी, अंधारात चालावी.